दंडाची पावती आणि प्रायश्चित्त

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याने मद्यपान केले होते, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन मंजूर केला. त्या जामिनाच्या अटींमध्ये अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, हे वाचून उभा महाराष्ट्र संतापला. पुढे त्या मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण असे वाढत गेले. लोकांच्या स्मरणात मात्र निबंधच राहिला. आजही कोणी तुरुंगाला पर्याय म्हणून दुसरी एखादी शिक्षा सुचविली की ऐकणारा हसून विचारतो, ‘निबंध लिहायला लावणार का?’

हा उपहास रास्तच होता. पण त्यातून एक भलताच निष्कर्ष रूढ झाला आहे. तुरुंग म्हणजे खरी शिक्षा आणि बाकी सारी श्रीमंतांसाठी शोधलेली पळवाट, असे आपण मानू लागलो आहोत. ज्या माणसाने एकदाच नव्हे, तर दोनदा, तीनदा, चारदा दारू पिऊन गाडी चालविली आणि तो प्रत्येक वेळी सापडला, त्याचे करायचे काय, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. या माणसावर वृत्तपत्रात अग्रलेख येत नाहीत, कारण बहुधा त्याच्या हातून अद्याप कोणी मेलेले नसते. तो आपल्या आळीत राहतो, रविवारी आपल्या मागच्या बाकावर बसतो आणि त्याच्याविषयी आपण कुजबुजतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार, श्वासपरीक्षेत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा घडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावरच्या पोलिसाला हा गुन्हा तडजोडीचे पैसे घेऊन मिटविता येत नाही. आरोपीला न्यायालयात उभे राहावेच लागते. तेथे बहुतेक प्रकरणे दंडावर आणि काही काळ लायसन्स रोखण्यावर संपतात. न्यायाधीशांचाही निरुपाय असतो. कोणालाही न दुखावलेल्या माणसाला दोन वर्षे कोंडणे त्यांच्या जिवावर येते आणि कैद नको तर दंड, एवढीच निवड समोर असते.

दंड कोण भरतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या परिचयाचा एक टेम्पोचालक आहे. पहाटे फुलांच्या करंड्या दादरच्या बाजारात पोहोचवायच्या, दुपारी परतायचे आणि संध्याकाळी प्यायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. नाकाबंदीत तो तिसऱ्यांदा सापडला तेव्हा आम्ही त्याला चार शब्द सुनवायला गेलो. त्याने शांतपणे खिशातून कागद काढला. ‘सर, दंड भरलाय. ही पावती. आता काय राहिलं?’ त्याची बायको चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, ‘पावती माझ्या बांगड्यांची आहे, सर. त्या पतपेढीत आहेत.’ त्यापुढे आम्हाला काही बोलता आले नाही.

दंडाच्या शिक्षेवरचे याहून नेमके भाष्य आम्ही कोठे वाचलेले नाही. पंधरा हजार रुपये ही एखाद्या धनिकाच्या दृष्टीने एका संध्याकाळची किंमत असते. टेम्पोचालकाच्या घरात ती दोन मुलांची शाळेची फी असते. दोन्ही घरांत गुन्हेगाराला मात्र फारसे काही सोसावे लागत नाही. श्रीमंताला झळ लागत नाही आणि गरिबाच्या वाट्याची झळ त्याच्या बायकोला लागते. शिवाय दंड भरला की हिशेब चुकता झाला, अशी एक समजूत मनात घर करते, आणि तीच अधिक घातक आहे. पावती हातात आल्यावर पश्चात्तापाला जागाच उरत नाही.

मग त्याला तुरुंगात का टाकू नये? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती जण मद्यपी चालकांमुळे गेली याचा सरकारी आकडा लहान दिसतो, पण अपघातानंतर प्रत्येक चालकाची वेळेवर तपासणी होते, असे आपल्या देशात कोण म्हणेल? माणसे मरत असताना दयेची भाषा बोलणे काहींना बेजबाबदारपणाचे वाटते, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. परंतु मिलानच्या चेझारे बेकारियाने १७६४ साली गुन्हे व शिक्षा यांवरील आपल्या छोट्या पुस्तकात जे मांडले, ते अडीचशे वर्षांत कोणाला खोडून काढता आलेले नाही. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती व तत्परता माणसाला गुन्ह्यापासून अधिक परावृत्त करते, असे त्याचे प्रतिपादन होते. दोन वर्षांची कैद कायद्याच्या पुस्तकात आहे. पण आज रात्री नाक्यावर पोलीस असेलच असे नाही, असला तरी खटला उभा राहायला महिने लागतील, आणि उभा राहिला तरी दंडावर सुटका होईल. पेला हाती घेतलेल्या माणसाचा हा हिशेब असतो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो हिशेब बरोबर असतो.

येथे एक जुना तात्त्विक पेच आडवा येतो. दारूच्या अंमलाखाली असलेला माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात नोंदविले आहे की काही ठिकाणी मद्यपीला दुप्पट शिक्षा दिली जात असे. कारण कृत्याच्या वेळी त्याचे भान सुटलेले असले तरी भान सोडायचे की नाही, हे त्याच्या हाती होते. संत थॉमस ॲक्वायनस यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने तपासला. नशेत केलेल्या कृत्याचा दोष भान नसल्यामुळे काहीसा हलका होतो, परंतु ती नशा स्वतःच्या दोषाने ओढवून घेतलेली असेल तर माणूस त्यातून पूर्णपणे सुटत नाही, असे ते म्हणतात. दोघांनीही अपराधाचे मूळ कृत्याच्या क्षणातून मागे सरकवून पहिल्या पेल्यापाशी नेले. एकदाच चुकणाऱ्या माणसासाठी हे विवेचन पुरेसे आहे.

पण व्यसनी माणसाचे काय? पहिला पेला घेण्याचे स्वातंत्र्यच ज्याचे क्षीण झाले आहे, त्याच्या बाबतीत मूळ कोठे शोधायचे? वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार म्हणते, आणि ते खरेच आहे. मग एक पक्ष म्हणतो, आजारी माणसाला शिक्षा कशी करता? दुसरा म्हणतो, आजारी असेल तर त्याला घरी निजवा, रस्त्यावर का सोडता? आमच्या मते दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. वारंवार सापडणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य दर खेपेस थोडे कमी झालेले असते. त्याचे ज्ञान मात्र दर खेपेस वाढलेले असते. पहिल्यांदा सापडला तेव्हा तो म्हणू शकला, ‘इतकी चढेल असे वाटले नव्हते.’ तिसऱ्यांदा त्याला तसे म्हणता येत नाही. संध्याकाळी सात वाजता आपण कोण होतो, हे तो आता जाणतो. रात्री अकरा वाजता गाडीची किल्ली हातात घेणाऱ्या माणसाला कदाचित निवड उरलेली नसेल. पण त्याच दिवशी सकाळी सात वाजता तोच माणूस शुद्धीवर होता, त्याला स्वतःची ओळख होती आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याइतके स्वातंत्र्य त्याच्याकडे निश्चित होते. त्याचा नैतिक अपराध रात्रीपेक्षा सकाळी घडतो. आणि असे असेल तर कायद्यानेही त्याला सकाळीच गाठले पाहिजे.

असा विचार प्रत्यक्षात आणलेले एक राज्य आहे. अमेरिकेतील साउथ डाकोटा हे विस्ताराने मोठे पण जेमतेम नऊ लाख वस्तीचे राज्य. तेथील महाधिवक्ता लॅरी लाँग यांनी २००५ साली काही परगण्यांत एक योजना सुरू केली आणि पुढे तिला राज्यभर कायद्याचा आधार मिळाला. ती ‘चोवीस तास, सातही दिवस’ या अर्थाच्या आकड्यांनी ओळखली जाते. कल्पना लाँग यांची जुनीच होती. १९८० च्या दशकात एका लहानशा परगण्यात सरकारी वकील असताना त्यांनी ती छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. दारू पिऊन गाडी चालविण्याच्या गुन्ह्यात पुनःपुन्हा सापडलेल्या माणसाला जामिनाची किंवा शिक्षेची अट म्हणून मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे लागते. त्यासाठी त्याने रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, सुमारे बारा तासांच्या अंतराने, पोलीस केंद्रावर जाऊन यंत्रात फुंकायचे. प्रत्येक तपासणीचा एक डॉलरच्या आसपासचा खर्च त्याने स्वतः द्यायचा. श्वासात मद्य आढळले तर खटला नाही, तारीख नाही, वकील नाही. त्याच क्षणी कोठडी, पण एका-दोन रात्रींचीच. दूरच्या शेतमळ्यांवर राहणाऱ्यांसाठी घोट्याला बांधायचे एक यंत्र असते. ते घामातील मद्यार्क ओळखते.

योजना जाहीर झाल्यावर जाणत्यांनी माना हलविल्या असतील, यात शंका नाही. वर्षानुवर्षे पिणारा माणूस दिवसातून दोनदा कोरड्या श्वासाने पोलिसापुढे उभा राहील, हे कोणाला खरे वाटावे? २००५ ते २०१० या काळात सतरा हजारांहून अधिक लोक या योजनेतून गेले, आणि त्यांच्या लाखो तपासण्यांपैकी शेकडा ९९ हून अधिक निर्दोष निघाल्या. रँड या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जेथे योजना लागू झाली त्या परगण्यांत मद्यपी वाहनचालनाच्या पुनरावृत्त अटका सुमारे १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या अटका सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हा दुसरा आकडा आम्हाला पहिल्याहून अधिक बोलका वाटतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाचविण्यासाठी नेमलेल्या पहाऱ्याने घरातल्या बाईलाही वाचविले.

हा प्रयोग निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो माणसाला प्यायचे थांबवितो; का पीत होता, हे विचारीत नाही. पहारा उठला की पुढे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. माणसाला रोज दोनदा फुंकायला लावणे हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभते काय, असाही आक्षेप आहे, आणि ख्रिस्ती मनाला तो टोचला पाहिजे. पण आम्ही तो उलटून पाहतो. तुरुंग माणसाला सांगतो की तुझ्यावर एक दिवसही विश्वास टाकता येत नाही. दंड सांगतो की तू काहीही कर, पैसे तेवढे दे. हा पहारा सांगतो की आज संध्याकाळपर्यंत तू शुद्धीत राहू शकतोस. आम्ही तसे धरून चाललो आहोत. कामावर जा, मुलांजवळ राहा, फक्त सातला ये. यात अपमान आहे हे खरे. पण बारा तासांपुरता का होईना, माणसावर टाकलेला विश्वासही आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ पासून ती भारतात आहे. तिच्या सभांना बसणारे लोकही ‘फक्त आज’ एवढाच पल्ला ठेवतात. पोलिसांच्या नोंदवहीला हे शहाणपण आडवाटेने गवसले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण आतापर्यंत आम्ही केवळ गुन्हेगाराविषयी बोललो. ज्यांचा माणूस गेला त्यांचे काय? दिल्लीत १० जानेवारी १९९९ च्या पहाटे एका परदेशी बनावटीच्या मोटारीने सहा जणांना चिरडले. हा खटला तेरा वर्षे चालला. ३ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी धरले. पण भोगलेली कैद पुरेशी मानून त्याला ५० लाख रुपये भरण्याचा आणि दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश दिला. ती रक्कम केंद्र सरकारकडे जमा व्हायची होती आणि ज्या अपघातांत धडक देणारे वाहन सापडतच नाही, अशांच्या बळींसाठी वापरली जायची होती. श्रीमंताने शिक्षा विकत घेतली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले.

आम्हाला तो निकाल अर्धा पटतो. ज्यांना भरपाई मागायला दारच नाही, त्यांच्याकडे पैसा वळविण्यात खोल न्यायबुद्धी होती. परंतु आकडा कोणत्या मापाने ठरवायचा? संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवावा. प्रभू येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसविले असेल त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याने ठरावीक रक्कम सांगितली नाही. जे होते त्याचा अर्धा हिस्सा सांगितला. ज्या देशांत दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो, तेथे जक्कयचे हेच माप थोड्याफार प्रमाणात वापरले जाते. आपल्याकडे एकाच रकमेत धनिक आणि टेम्पोचालक दोघांना बसविले जाते, आणि समान दंडाच्या नावाखाली मोठी विषमता घडते.

समाजसेवेच्या शिक्षेविषयीही थोडे बोलले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ‘समाजसेवा’ हा शिक्षेचा प्रकार आपल्या कायद्यात प्रथमच आणला. नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला कलम ३५५ नुसार ती देता येते. त्याच वर्षी तेलंगणातील मंचेरियालच्या न्यायालयाने मद्यपी वाहनचालकांना सरकारी रुग्णालयाची साफसफाई करण्याची शिक्षा दिली. फिनलंडमध्ये तर १९९० च्या दशकापासून तुरुंगवासाऐवजी अशी सेवा रूढ झाली असून ती करणाऱ्यांत मद्यपी चालकांचा मोठा भरणा असतो. आम्ही या विचाराचे स्वागतच करतो. पण आपल्या देशात झाडूलाच शिक्षा मानण्याची जी घाई दिसते, ती आम्हाला खटकते. ज्या रुग्णालयात हा गुन्हेगार आठवडाभर मान खाली घालून झाडतो, तेथेच कोणीतरी बाई वीस वर्षे तेच काम मानाने करीत असते. तिची रोजीरोटी ही याची नामुष्की कशी? जातीने झाडू कोणाच्या हाती दिला, हे ठाऊक असलेल्या समाजात तरी न्यायालयांनी याचा विचार करावा. सेवा द्यायचीच तर अपघात विभागाच्या दाराशी द्यावी. रुग्णवाहिका आली की स्ट्रेचर धरायचा, नातेवाइकांना पाणी द्यायचे, रक्तपेढीपर्यंत धावायचे. त्यात लाज वाटावी असे काही नाही, परंतु दिसते ते विसरता येत नाही.

रोमहून पोपमहोदयांच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्याविषयीच्या मंडळाने जून २००७ मध्ये रस्त्यांवरील सेवाकार्यासंबंधी मार्गदर्शिका काढली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून ती बातमी छापली. त्यांतील एक आज्ञा अशी की, दोषी चालक आणि अपघाताचा बळी यांची योग्य वेळी भेट घडवून आणावी, म्हणजे क्षमेचा मुक्तिदायी अनुभव त्यांना घेता येईल. या आज्ञेतला ‘योग्य वेळी’ हा शब्द आम्ही अधोरेखित करू. आपल्याकडे ‘क्षमा कर, बाई, तू ख्रिस्ती आहेस’ असे तेराव्या दिवशीच विधवेला सांगणारे कमी नाहीत. तिच्यावर भेटीची सक्ती करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, धर्मगुरूला नाही, सासरच्यांना तर मुळीच नाही. वर्षे लागतील. कदाचित ती वेळ येणारही नाही. गुन्हेगाराचे प्रायश्चित्त तिच्या क्षमेवर अवलंबून ठेवणे म्हणजे तिच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय.

दारूबाबत ख्रिस्तसभेची भूमिका कर्मठ नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आपण मोठ्या आवडीने, कधी कधी जरा जास्तच आवडीने, सांगतो. पण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९० वा परिच्छेद क्वचितच कोणी सांगतो. मद्याच्या अंमलाखाली किंवा वेगाच्या हव्यासापायी स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारा गंभीर दोषास पात्र होतो, असा त्याचा आशय आहे. येथे ‘धोक्यात आणणारा’ म्हटले आहे, ‘जीव घेणारा’ नव्हे. म्हणजे जो घरी सुखरूप पोहोचला त्याचाही दोष तितकाच गंभीर आहे.

हा मुद्दा आपल्याला पचायला जड जातो. दोन माणसे सारखीच प्याली, एकाच रस्त्याने निघाली. एकाच्या वाटेत कोणी नव्हते, दुसऱ्याच्या वाटेत पदपथावर मजूर झोपले होते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये सात मजूर असेच चिरडले गेले. त्या प्रकरणातील तीन वर्षांची शिक्षा जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पहिल्या माणसाला पावती, दुसऱ्याला कैद. परिणाम पाहून शिक्षा ठरविणे कायद्याला भागच आहे. मेलेल्यांची दखल न घेणारा कायदा कोण मानील? पण विवेकाला तसे करता येत नाही. नाकाबंदीत तिसऱ्यांदा सापडलेला माणूस हा कार्टर रोडवरच्या चालकाहून चांगला माणूस असतोच असे नाही. त्याला रस्ता मोकळा मिळाला, एवढेच. म्हणूनच त्याच्याकडे अपघातानंतरच्या गांभीर्याने, परंतु अपघाताच्या आधी, पाहायला हवे.

आणि येथे उपचार आलाच. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. या ठिकाणी माणसे कशी बदलतात, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच घरात पाहिले आहे. न्यायालयाने जबरदस्तीने पाठविलेला माणूस काय सुधारणार, असे विचारले जाते. आमच्या पाहण्यात स्वखुशीने तेथे गेलेले फारच थोडे आहेत. कोणाला बायकोने नेले, कोणाला मालकाने, कोणाला यकृताने. त्या रांगेत न्यायाधीश उभे राहिले तर काय बिघडले? माणूस पुन्हा घसरेल, हेही गृहीत धरावे. पापनिवेदनाच्या खुर्चीशी तो शंभरदा येईल आणि शंभरदा त्याला क्षमा मिळेल. पण क्षमा मिळाली म्हणून गाडीची किल्ली परत मिळावी, असे कोठेही सांगितलेले नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या कुटुंबांत सर्रास होते. रडून माफी मागितली की आई कपाटातून किल्ली काढून देते.

टेम्पोचालकाची किल्ली काढून घेतली तर घर चालायचे कसे, हा प्रश्न उरतो आणि तो खोटा नाही. श्वास स्वच्छ असल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ न देणारी कुलुपे अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि स्वीडनमध्ये वापरात आहेत. धंद्यावर जगणाऱ्यांसाठी ती सरकारने हप्त्यांवर द्यावीत. जेवढे पैसे दंडात जातात, तेवढे त्यात जावेत. ज्याच्या हातून माणूस मेला, त्याचे लायसन्स मात्र आमच्या मते परत देऊ नये. वाहन चालविणे हा जन्मसिद्ध हक्क नाही, आणि दुसरे काम करून जगणे ही काही क्रूर शिक्षा नव्हे.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायलाच हवे, असेही नाही. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ सालापासून आपल्याकडे आहे. माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताना मादक पेयांपासून दूर राहण्याची अट न्यायालय घालू शकते, असे त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. निष्काळजीपणे वाहन चालवून माणूस मारणाऱ्याला या अधिनियमाची सवलत सामान्यतः देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावले आणि ते योग्यच आहे. पण ज्याने अजून कोणाला मारलेले नाही, त्याच्यासाठी ती वाट विचारात घेण्याजोगी आहे. अट घालणे सोपे. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा कोणी नसतो, म्हणून ती कागदावर राहते. श्वास तपासण्याची यंत्रे आपल्या पोलिसांकडे आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री ती नाक्यानाक्यावर दिसतात. रोज सकाळी सात वाजता त्यांपैकी एक ठाण्याच्या टेबलावर ठेवायचे, शेजारी एक नोंदवही आणि एक शिपाई. संध्याकाळी सात वाजता पुन्हा तेच.